जिप्सीचं इंजिन बांधायचंय, बोरिंगला कुणाकडे टाकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात राहता, जिप्सीचं १.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं जी-१३-बीबी इंजिन उघडलंय, ७४.५ मि.मी.चे फोर्ज्ड पिस्टन मागवलेत, कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, साडेदहापर्यंत न्यायचंय आणि गाडी ऑटोक्रॉसला नि मधूनमधून रॅलीला पळवायचीय. डोळ्यासमोर तीन जागा आहेत. घराजवळचं जुनं बोरिंगचं, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करायचं दुकान, जिथे टेंपो-टॅक्सीची कामं होतात. भोसरीतलं सीएनसी मशिनं असलेलं वर्कशॉप, जे कंपन्यांचे जॉब करतं. आणि एक ट्यूनर, म्हणजे स्पर्धेची इंजिनं बांधून जुळवणारा, जो म्हणतो इंजिन माझ्याकडे सोडा, चालू करूनच देतो. यातलं कुठलं निवडू, असं विचारलंत.

तुम्ही तिन्ही ठिकाणच्या मशिनांची तुलना केलीय. माझं म्हणणं असं की तुलना मोजमापाची करा. तुमच्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट ०.०७ मि.मी.च्या आसपास राहणार, म्हणजे ७० मायक्रॉन. बेअरिंगमधली त्याहून कमी, साधारण ४५. इथे १५-२० मायक्रॉन इकडेतिकडे झाले तर इंजिन एक तर धरतं नाहीतर तेल खातं. हे १५ मायक्रॉन ज्याला मोजता येतात आणि मोजल्यावर जो कागदावर लिहून देतो, त्याच्याकडे सिलिंडर दगडाने घासून शेवटच्या मापाला आणणारं चाळीस वर्षांचं होनिंग मशिन असलं तरी चालतं. ज्याला मोजायची सवय नाही त्याच्याकडे कोट्यवधीचं मशिन असून तुमचा काही उपयोग नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधी सांगतो. तुम्ही कुठल्या वर्गात उतरणार हे ठरलं नसेल तर ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा सांगाडा, अजून कुणाकडेच टाकू नका. मोटर स्पोर्टच्या फेडरेशनच्या नियमांत वर्गाप्रमाणे ओव्हरसाइझ (बोअर मूळ मापापेक्षा किती वाढवायचा), कॉम्प्रेशन, पिस्टन यांवर बंधनं असतात, आणि कापलेलं धातू परत येत नाही. दुसरं, जोडणी कोण करणार? तुम्ही स्वतः किंवा तुमच्या ओळखीचा मेकॅनिक करणार असेल आणि त्याच्याकडे मायक्रोमीटर, बोअर गेज असेल, तर साधं दुकानही पुरतं, कारण चूक जोडणीच्या आधी पकडली जाईल. मोजणारं दुसरं कुणी नसेल तर दुकान निवडताना जास्त कडक राहावं लागेल.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. बोअर वाढवून सीसी मिळते म्हणून बरेच जण मोठ्या पिस्टनच्या मागे लागतात. मूळ माप ७४ बाय ७५.५, म्हणजे १२९८ सीसी. ७४.५ केल्यावर ते १३१६ होतं. अठरा सीसी. त्यासाठी कुणी बोअर करत नाही. बोअर करायचा तो सिलिंडर गोल, सरळ आणि क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, काटकोनात आणण्यासाठी. हे डोक्यात असलं की दुकानात काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

पहिला नियम: पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक द्यायचा नाही. ‘साइझ ७४.५ आहे ना, मग टाकून जा, करून ठेवतो’ असं जो म्हणेल त्याचं दुकान यादीतून तिथेच काढा. फोर्ज्ड पिस्टनच्या डब्यावर लिहिलेलं ७४.५ हे बहुतेक वेळा बोअरचं माप असतं, पिस्टनचं नव्हे. समजा चार पिस्टन मोजल्यावर ७४.४२८, ७४.४३१, ७४.४३० आणि ७४.४२६ आले. कंपनीच्या कागदावर फट ०.०७० सांगितलीय. तर चार सिलिंडर अनुक्रमे ७४.४९८, ७४.५०१, ७४.५०० आणि ७४.४९६ व्हायला हवेत, आणि पिस्टनवर मार्करने १, २, ३, ४ लिहिलेलं हवं. एवढी बारकाई कशाला, असं कुणी म्हणेल. पाच मायक्रॉनने इंजिन जात नाही हे खरं, पण जो पाच मायक्रॉनचा हिशेब ठेवतो तो पन्नास मायक्रॉनची चूक करत नाही.

पिस्टन कुठे मोजायचा हेही कंपनी सांगते. पिस्टनचा खालचा घेर, म्हणजे स्कर्ट, वरून खाली सारखा नसतो, मधे फुगीर असतो, शिवाय लंबगोल असतो. पिनला काटकोनात, स्कर्टच्या खालच्या कडेपासून अमुक मि.मी. वर, असं कागदावर दिलेलं असतं. भलत्या जागी मोजला तर सहज ३०-४० मायक्रॉनचा फरक पडतो, आणि तेवढा बोअर घट्ट होतो.

यातूनच दुकानाची परीक्षा घ्यायची सोपी रीत निघते. पिस्टन आले की त्यातला एक आणि त्याचा कागद घेऊन तिन्ही ठिकाणी जा. ‘एवढा मोजून आकडा लिहून द्या’ म्हणा. बघत उभे राहा. मायक्रोमीटर कुठून निघतो, डब्यातून की ग्राइंडिंगच्या चुऱ्यात पडलेल्या ड्रॉवरमधून? मोजण्याआधी तो स्टँडर्डवर लावून शून्य बघतो का? पिस्टन कुठे मोजायचा हे विचारतो, कागद वाचतो, की सरळ स्कर्टच्या तळाशी धरून आकडा सांगतो? ०.०१ चा साधा मायक्रोमीटर आहे की मायक्रॉन दाखवणारा? नंतर थोडं थांबून तोच पिस्टन पुन्हा मोजायला सांगा, जमल्यास दुसऱ्या कारागिराला. दोन आकड्यांत तीन-चार मायक्रॉनपेक्षा जास्त फरक आला तर त्या दुकानात ७० मायक्रॉनची फट म्हणजे नुसता अंदाज. या कामाचे पैसे द्या, फुकट करून घेऊ नका. चांगला कारागीर यावर चिडत नाही, उलट गिऱ्हाईक कोण आहे ते त्याला कळतं.

आता तिन्ही जागांबद्दल एकेक करून.

जुन्या बोरिंगवाल्याची जमेची बाजू मोठी आहे. त्याने हजारो सिलिंडर बघितलेले असतात, होनिंगच्या दगडाचा आवाज ऐकून त्याला कळतं कुठे घट्ट आहे. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे त्याचं बहुतेक काम ओतीव लोखंडाच्या डिझेल ब्लॉकचं. तुमचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, आत लोखंडी स्लीव्ह आहेत. तो लोखंडी ब्लॉकसारखा आवळून बांधला की वाकतो, वाकलेल्या अवस्थेत गोल कापला जातो आणि सोडल्यावर लंबगोल होतो. म्हणून क्लॅम्प कुठे लावतो, किती आवळतो, हे विचारा. दुसरी अडचण बोरिंग बारची. जुना पोर्टेबल बार ब्लॉकच्या वरच्या पृष्ठावर, म्हणजे डेकवर बसतो आणि झिजलेल्या सिलिंडरवरूनच मध्य शोधतो. डेक क्रँकच्या अक्षाला समांतर नसेल तर नवा बोअरही तेवढाच तिरका होणार. आणि मध्य जर वरच्या झिजलेल्या भागावर धरला तर बोअर एका अंगाला सरकणार. म्हणून असा बार असेल तर आधी डेक क्रँकच्या लाइनला समांतर करून घ्यायचा आणि मध्य सिलिंडरच्या तळाशी, जिथे रिंग पोचत नाही तिथे धरायचा. हे त्याने स्वतःहून सांगितलं तर दुकान चांगलं आहे.

सीएनसीवाल्याचं उलट. तो ब्लॉक मेन बेअरिंगच्या लाइनवरून पकडेल, चारही बोअर काटकोनात आणि बरोबर अंतरावर पडतील. मोजमापाची खोली असेल, कदाचित एसीसुद्धा. पण तो ड्रॉइंगवर काम करणारा माणूस. ‘७४.५००, अधिक-उणे ०.०१०’ लिहून दिलंत तर तो ७४.४९० करून देईल आणि त्याच्या हिशेबाने जॉब पास. तुमच्या फटीतले १० मायक्रॉन मात्र गेले. क्रॉसहॅच, म्हणजे होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा, किती अंशाचा, रिंगचा मुलामा कोणता, दगड किती ग्रिटचा, हे त्याचं रोजचं काम नाही. शिवाय एका ब्लॉकसाठी तो मशिन सेट करेल का, हा प्रश्न आहेच. करत असेल तर डेक, लाइन आणि बोरिंग त्याच्याकडे, होनिंग इंजिनवाल्याकडे, अशी विभागणी उत्तम. बोरिंगवाल्याला तेव्हा शेवटच्या मापापेक्षा ०.०६ ते ०.०८ मि.मी. कमी ठेवायला सांगायचं. बोरिंगचं टूल धातू ओरबाडतं, तो फाटलेला थर होनिंगमध्ये पूर्ण निघायला हवा. ०.०२ च ठेवलं तर ओरखडे तसेच राहतात आणि रिंग कधी बसतच नाहीत.

ट्यूनरबद्दल एवढंच की मशिनिंग तो स्वतः करत नाही, बाहेर पाठवतो. यात वाईट काही नाही, पण कुणाकडे पाठवतो ते विचारा, आणि त्या माणसाशी तुम्हाला बोलता येईल का तेही. टाळाटाळ झाली तर पुढे बेअरिंग फिरलं की मशिनवाला जोडणीला दोष देईल, ट्यूनर मशिनवाल्याला. जो मापं लेखी देतो आणि जोडताना स्वतः पुन्हा मोजतो असा ट्यूनर असेल, तर मी तिघांत त्यालाच पसंती देईन.

आता होनिंग, कारण इंजिन इथेच घडतं नाहीतर बिघडतं. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा आकार बदलतो, बोल्टच्या जवळ तो आत-बाहेर खेचला जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये हे जास्त जाणवतं. मोकळा असताना एकदम गोल असलेला बोअर हेड लावल्यावर १५-२० मायक्रॉन वेडावाकडा होतो. यावर उपाय टॉर्क प्लेट. हेडच्या जागी जाड प्लेट बसवायची, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने, आवळायची आणि मग होन करायचं. त्याच वेळी क्रँक धरणाऱ्या खालच्या मेन कॅपही टॉर्कला हव्यात.

जी-१३ ची प्लेट बोरिंगवाल्याकडे तयार मिळण्याची शक्यता कमी, आणि इथेच तुमचं भोसरीचं वर्कशॉप कामाला येतं. माइल्ड स्टीलची ४० ते ५० मि.मी. जाड प्लेट, दोन्ही बाजू सरफेस ग्राइंड, चार भोकं ७७ मि.मी.च्या आसपास म्हणजे होनिंगच्या दगडाला वर निघायला जागा राहते, आणि बोल्टची भोकं जुन्या हेड गॅस्केटवरून मारलेली. बोल्ट असे निवडायचे की ब्लॉकमधले जेवढे आटे हेडचा बोल्ट धरतो, तेवढेच आणि तेवढ्याच खोलीवर हेही धरतील. कमी खोल गेले तर ताण भलत्या जागी पडतो आणि प्लेटचा हेतूच जातो. खाली गॅस्केट त्याच प्रकारची, जी तुम्ही शेवटी लावणार. तुम्ही बोल्टऐवजी स्टड लावणार असाल तर प्लेटही त्या स्टडवर, त्या टॉर्कला. प्लेटचा खर्च एकदाच होतो आणि जिप्सीवाल्या मित्रांत ती फिरवता येते.

दुकानदाराला विचारा, टॉर्क प्लेट लावून होन करणार का? ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर टॅक्सीच्या इंजिनाबाबत चालून जाईल. ७,००० आरपीएमवर दिवसभर पिळल्या जाणाऱ्या इंजिनाबाबत चालत नाही.

दगडांचं असं. आधी २२० च्या आसपासच्या ग्रिटने मापाजवळ यायचं, मग २८० ते ३२०, आणि शेवटी ४०० च्या आसपास किंवा ब्रशने वरची टोकं मोडायची. रेघा एकमेकींना ४५ अंशांच्या आसपास छेदायला हव्यात. फार आडव्या आल्या तर रिंग त्यावर फडफडते, फार उभ्या आल्या तर तेल खाली निघून जातं. रिंग मोलिब्डेनमच्या असतील तर वरचं फिनिश बारीक लागतं, क्रोमच्या असतील तर थोडं खरखरीत. म्हणून रिंगचा डबाही पिस्टनसोबत दुकानात गेला पाहिजे. ‘रिंग कुठल्या आहेत?’ हा प्रश्न ज्याने विचारला नाही त्याने कुठलाही दगड लावला असेल.

मोजमाप प्रत्येक सिलिंडरचं तीन उंचींवर, दोन दिशांना. सहा आकडे, चार सिलिंडरचे चोवीस. वर-खालचा आणि आडवा-उभा फरक १० मायक्रॉनच्या आत हवा. आणि हे आकडे होनिंग संपल्या संपल्या घेतलेले नकोत. होनिंगने ब्लॉक गरम होतो, आणि गरम बोअर मोठा दिसतो. पिस्टनचंही तसंच. ७४.५ मि.मी.चा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन दर १० अंशांना साधारण १५-१६ मायक्रॉन वाढतो. सकाळी घरून स्कूटरच्या डिकीत तापून आलेला पिस्टन आणि सावलीतला ब्लॉक यांची फट मोजलीत तर पाचवा हिस्सा चूक आलीच. मी जॉब देताना पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचं माप घ्यायला सांगतो. मे महिन्यात तर हे हवंच. ‘संध्याकाळी टाका, दोन तासांत घेऊन जा’ असं दुकान या कामासाठी नको.

डेकबद्दल थोडं. कॉम्प्रेशन साडेदहा करायचं तर एका सिलिंडरच्या ३२९ सीसीला वरची एकूण जागा ३४.६ सीसी उरायला हवी. डेक ०.२५ मि.मी. कापला की १.१ सीसी जातात, म्हणजे कॉम्प्रेशन साडेदहावरून १०.८ वर. एवढ्याशा कापाने एवढा फरक पडतो, म्हणून ‘डेकवर एक कट मारून देतो’ असं कुणी सहज म्हटलं तर थांबवा. आधी मोजायचं: जुना पिस्टन लावून तो डेकच्या किती खाली राहतो, मग जुन्या-नव्या पिस्टनची पिनपासून माथ्यापर्यंतची उंची ताडून नवा किती खाली राहील ते काढायचं, हेडमधल्या चेंबरची जागा ब्युरेटने सीसीत मोजायची, आणि मग कापाचा आकडा द्यायचा. डेक किंवा हेड कापलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग थोडं मागे पडतं, तर अ‍ॅडजस्टेबल कॅम पुलीची तयारी ठेवा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर प्लॅस्टिसिन लावून तपासा, इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मि.मी. तरी हवं. हे काम मशिनवाल्याचं नाही, जोडणाऱ्याचं आहे.

गॅस्केट स्टीलच्या थरांची असेल तर फिनिश बारीक लागतं. पट्ट्यावर किंवा एमरीवर घासून फेसिंग करणाऱ्याकडे तुमचं हेड देऊ नका. मध्यभागी सपाट दिसतं, कडा उतरलेल्या असतात. हेडवर स्ट्रेट एज आणि फीलर गेज ठेवून बघा, आडवं-उभं-तिरकं, कुठेच ०.०५ मि.मी.ची पात घुसता कामा नये.

क्रँक. जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे क्रँकचे गोल भाग, सगळी मापात असतील तर ग्राइंड करू नका, फक्त पॉलिश करून घ्या. चांगलं दुकान स्वतःच असं सांगतं. ग्राइंड करावंच लागलं तर एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: जर्नल जिथे क्रँकच्या गालाला मिळतं तिथला गोलावा, म्हणजे फिलेट. ग्राइंडिंगचं चाक कोपऱ्याला नीट ड्रेस केलेलं नसेल तर तिथे काटकोन येतो, आणि क्रँक तिथूनच तुटतो. रेडियस गेज लावून ग्राइंडिंगच्या आधी आणि नंतर तपासायला सांगा. तेलाच्या भोकांच्या कडा मोडलेल्या हव्यात, नाहीतर त्या बेअरिंगला खरवडतात. शेवटची पॉलिश क्रँक इंजिनात ज्या दिशेने फिरतो त्या दिशेची. ग्राइंडिंगच्या आधी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट, कनेक्टिंग रॉडचीही. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि हेड यांना ती चालत नाही, तिथे डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणारा रंग, आणि पाण्याच्या जॅकेटची प्रेशर टेस्ट.

बेअरिंगच्या फटीला जर्नलच्या दर मि.मी.ला एक मायक्रॉन हा हिशेब धरतात. ४५ मि.मी.च्या जर्नलला ४५ मायक्रॉन. मॅन्युअलचा आकडा आणि तुम्ही वापरणार ते तेल यांच्याशी ताडून शेवटचा आकडा ठरवा. मोजायची रीत: शेल, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पाकळ्या, बसवून कॅप टॉर्कला आवळायची, बोअर गेज जर्नलच्या मापावर शून्य करायचा आणि फट थेट वाचायची. रॉडचे बोल्ट बदलले असतील तर मोठं टोक पुन्हा गोल आहे का ते बघून रिसाइझ करावं लागतं, मेनला स्टड घातले तर लाइनही तपासावी लागते. हे अनेक जण विसरतात, कारण ‘बोल्टच तर बदललेत’ असं वाटतं. नवा बोल्ट वेगळ्या ताणाने कॅप दाबतो आणि भोकाचा आकार बदलतो.

बॅलन्सिंगला एक युक्तीचा प्रश्न सांगतो. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाचा क्रँक बॅलन्स करायला बॉब वेट, म्हणजे पिस्टन-रॉडच्या जागी जर्नलवर बांधायची वजनं, लागत नाहीत, व्ही इंजिनाला लागतात. तुमच्या क्रँकला बॉब वेटचे वेगळे पैसे सांगितले तर बॅलन्सिंग त्यांच्या रोजच्या कामातलं नाही. पिस्टन एका ग्रॅमच्या आत, रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलून जुळवलेली, आणि क्रँक फ्लायव्हील, प्रेशर प्लेटसकट. पुरे.

हेडमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी, मग सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडा. सीट कापणाऱ्या टूलचा पायलट गाईडमध्ये बसतो, गाईड सैल असेल तर सीट एका बाजूला जाते. तीन कोनांत, ३०-४५-६०, आणि रुंदी इनटेकला १.० ते १.२, एक्झॉस्टला १.३ ते १.५ मि.मी. सोळाही सीटची व्हॅक्यूम टेस्ट तुमच्या समोर. सीट कापल्यावर व्हॉल्व्ह आत बसतो आणि स्प्रिंगला जागा जास्त मिळते, म्हणजे दाब कमी होतो. तेवढे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालायचे. स्प्रिंगची उंची मोजून लिहून द्या म्हणा.

धुणं हे शेवटचं काम असल्यामुळे सगळ्यात दुर्लक्षित राहतं. होनिंगचा चुरा रॉकेलने किंवा डिझेलने निघत नाही, उलट रेघांत जाऊन बसतो आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये नव्या रिंग झिजवतो. गरम पाणी, कपडे धुवायची पावडर, नायलॉनचा ब्रश, आणि हाताला रग लागेपर्यंत घासणं. तेलाच्या गॅलरीचे प्लग काढूनच, बारीक ब्रश आरपार घालून. मग वाळवून लगेच तेल लावून पांढरं फडकं फिरवायचं. फडक्यावर करडा डाग येतोय तोवर पुन्हा धुवायचं. दुकानदार धुऊन देतो म्हणाला तरी घरी पुन्हा धुवा.

मग तुमच्या बाबतीत काय? पिस्टनच्या परीक्षेत जुना बोरिंगवाला पास झाला आणि त्याच्याकडे उभं होनिंग मशिन असेल, तर बोअर-होन त्याच्याकडे टाका. हातातल्या ड्रिलला लावायचं होन चालणार नाही. टॉर्क प्लेट आणि डेक भोसरीत. क्रँक हा ज्याचा रोजचा धंदा आहे त्याच्याकडेच, पुण्यात मनासारखा मिळाला नाही तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी करा. परीक्षेत बोरिंगवाला नापास झाला तर कोईमतूरचा विचार करा. रेसिंगची इंजिनं बांधणारी दुकानं तिथे पूर्वीपासून आहेत, अ‍ॅल्युमिनियमचा रिकामा ब्लॉक हलका असतो आणि लाकडी पेटीत ट्रान्सपोर्टने नीट जातो. एकच अट, पाठवताना पिस्टन, रिंग, शेल, मेन कॅप, बोल्ट आणि गॅस्केट सगळं त्याच पेटीत.

जॉब टाकताना जॉब कार्डवर स्वतः लिहा: प्रत्येक सिलिंडरचं शेवटचं माप, फट, रिंगचा प्रकार, टॉर्क प्लेट, डेकचा काप किंवा ‘डेक कापू नये’, क्रँकला फक्त पॉलिश की ग्राइंड करून अंडरसाइझ. खाली त्यांची सही. दर प्रत्येक कामाचा वेगळा लिहून घ्या, ‘एकूण एवढे’ असं नको, कारण स्वस्त दुकानात होनिंग आणि धुणं बऱ्याचदा हिशेबातच नसतं. मेन कॅपवर क्रमांक आणि दिशा तुम्ही आधीच खूण करून द्या. ब्लॉकवरच्या इंजिन नंबरला हात लावू नये हेही सांगा. दुसरा ब्लॉक घ्यायचा सल्ला मिळाला तर लक्षात ठेवा, इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते.

घ्यायला जाल तेव्हा बोअर गेज घेऊन जा, नसेल तर मोजणारा माणूस न्या. चोवीस आकडे कार्डाशी ताडा. बोअरच्या वरच्या कडेला बारीक उतार (चँफर) आहे ना ते बोटाने बघा, नाहीतर रिंग घालताना तुटतील. बोल्टच्या भोकांत चुरा, पाणी किंवा तेल साचलेलं नको, तशात हेड आवळलं तर टॉर्क खोटा दिसतो आणि ब्लॉक तडकू शकतो. काही चुकलं असेल तर जोडणीच्या आधीच परत द्या. इंजिन एकदा चालू झालं की कुणाची चूक हे सिद्ध करता येत नाही.

रिंगची टोकं ज्या त्या सिलिंडरमध्ये बसवून घासायची असतात, ते काम घरीच करा. बोअरच्या हजारामागे चारचा हिशेब धरला तर वरच्या रिंगला ७४.५ वर ०.३० मि.मी. येतात, दुसरीला थोडे जास्त, ०.३५ च्या आसपास. पिस्टनच्या कागदावर वेगळं असेल तर कागद प्रमाण.

पिस्टन आले की चौघांची मापं, कागदावरची फट आणि रिंगचा प्रकार इथे टाका. गाडी रस्त्यावर किती आणि स्पर्धेत किती चालणार तेही कळवा, म्हणजे बोअरचे आकडे नक्की करून देतो.